गाढव जिथं थांबायचं

आमच्या घरात एक गोष्ट होती, तिला शेवट नव्हता. ती सांगायचे आमचे वसंतराव, आणि सांगायचा दिवसही ठरलेला असायचा. ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, आम्ही नगरच्या चर्चमधून घरी यायचो. प्रभू येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरला आणि लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. नगरला तो दिवस थाटात होतो. बँड असतो, पांढरे झगे घातलेली गायकमंडळी असते, ट्रकमधून उतरवलेल्या झावळ्या असतात. गाढव तेवढं नसतं. घरी येऊन चहाचा कप हातात घेतला की वसंतराव म्हणायचे, "ह्याला काय अर्थ आहे? गाढवाशिवाय कसला झावळ्यांचा रविवार?"

आणि मग ते आपल्या गावाची गोष्ट सुरू करायचे. त्यांचं गाव पलूसच्या पलीकडं, कृष्णेच्या काठाला. तिथं झावळ्या मिळत नाहीत, म्हणून मंडळी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, हातात घेतात. गाढव मात्र खरंखुरं असतं. "एका वर्षी त्या गाढवावर मी बसलो होतो. पुढं पाळकसाहेब, मागं सगळी मंडळी, दोन्ही बाजूंना बघणारं गाव. आणि मधल्या गल्लीत, ऐन दारात, गाढव थांबलं!" इथं ते हसायला लागायचे. हसता हसता डोळ्यांत पाणी यायचं. मी विचारायची, "मग?"

"मग काय! चल एकदा गावाला, जागाच दाखवतो."

सगळा संसार झाला, पण त्या एका रविवारी गावाला जाणं जमलं नाही. कधी माझ्या शाळेच्या परीक्षा, कधी त्यांचं मार्चअखेरचं ऑफिस, कधी कुणाचं आजारपण. सासू-सासरे लग्नाआधीच गेलेले. नणंदबाई, म्हणजे रूथअक्का, त्याच वर्षा-दोन वर्षांनी नगरला यायच्या आणि सामानातून भडंगाचे पुडे काढायच्या. गेल्या दिवाळीनंतर वसंतराव गेले. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तसं माझ्या लक्षात आलं, की या वर्षी घरात ती गोष्ट सांगणारं कुणी असणार नाही. अर्धीसुद्धा नाही. मी अक्कांना फोन केला आणि म्हटलं, येते.

सातारा

साताऱ्याला माझी जुनी मैत्रीण मालन राहते. आम्ही दोघी एका शाळेत शिकवायचो. गुरुवारी तिच्याकडं उतरले. तिच्या गॅलरीतून अजिंक्यतारा दिसतो, ऊन असं की डोंगराचा रंग उडालेला. मालननं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि त्याच्यासोबत कंदी पेढ्यांचा बॉक्स. मी उपवासकाळात गोड सोडते, हे तिला पक्कं ठाऊक. मी म्हटलं, "मालन, तू सैतानाचं काम करतेस." ती म्हणाली, "सैतान साताऱ्यात आला असता तर पेढे घेऊनच आला असता." मी दोन खाल्ले. तिसरा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. वसंतरावांसाठी काही न्यायचं असलं की मी असंच करायची, हात सवयीनं तसा गेला. मग तो पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

मालननं बॉक्सचं झाकण लावलं. संध्याकाळी चर्चच्या आवारात बाकावर बसलो असताना तिनं विचारलं, "तिथं तुला ओळखणार कोण? आणि काय बघायचंय नेमकं?"

"एक गाढव कुठं थांबलं होतं ते."

"नवरा गेल्यावर बायका कन्याकुमारीला जातात," मालन म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी स्टँडवर तिनंच खिडकीची जागा धरून दिली आणि गाडी हलेपर्यंत उन्हात उभी राहिली.

पलूस

कराडला गाडी बदलली. पुढं सगळा हिरवा मुलूख. नगरच्या माणसाला एवढा ऊस बघून आधी हेवा वाटतो आणि मग कंटाळा येतो. रस्त्याच्या कडेनं बेदाण्याची शेडं होती, जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली. मध्येच कुठंतरी हळद शिजवत होते, त्या वासानं अख्ख्या गाडीला शिंका.

पलूसला मला घ्यायला आले रसूलभाई. गावात त्यांची वीटभट्टी. विटा टाकून टेम्पो रिकामा चालला होता, म्हणून अक्कांनी त्यांना माझं काम सांगितलं होतं. साठी उलटलेले, दाढी मेंदीनं रंगवलेली. "सलाम, वैनी," ते म्हणाले. आम्हा ख्रिस्ती माणसांचाही नमस्कार 'सलाम'च, त्यामुळं मीही सलाम म्हटलं आणि टेम्पोत पुढं बसले. सीटवर विटांची लाल माती होती. माझी पांढरी साडी, तिचं जे व्हायचं ते झालं.

"गाढव आमचंच आसतंय, बरं का," रसूलभाई म्हणाले. "आमच्या वडलांपासनं. वसंतभाऊ बसल्यालं गाढव आमचंच."

"मग या रविवारी बघायला मिळणार तर."

त्यांनी गिअर बदलला आणि म्हणाले, "काय म्हाईत. ह्या साली घोडा येतुय म्हणं."

"घोडा कशाला?"

"ते अक्काच सांगतील. गाढवाचं काय हाय वैनी, त्येला कुणी काय इचारत न्हाई."

अक्कांचं घर

अक्कांचं घर चर्चला लागून, दोन खोल्यांचं. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पुराच्या पाण्याची रेघ आहे. नवा रंग दिला तेव्हा अक्कांनी रंगाऱ्याला ती बुजवू दिली नाही. रेघेच्या वर येशूचं कॅलेंडर आणि वसंतरावांचा तरुणपणीचा फोटो. मी आत आले, फोटो पाहिला आणि आम्ही दोघी नणंद-भावजयींनी रडून घेतलं. मग अक्का पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "चल, हातपाय धू. भाकरी निवती."

उपवासकाळ, म्हणून मटण नव्हतं. ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि हुलग्याचं माडगं. आमच्या नगरलाही हुलगे खातात, पण आम्ही त्यांची शेंगोळी करतो. हे माडगं म्हणजे पिठाची पातळ, गरम, गुळाची पेज. मी म्हटलं, "वन्सं, मी उपवासकाळात गोड सोडलंय." त्या म्हणाल्या, "ह्ये गोड न्हवं, ह्ये औषिद हाय." दोन वाट्या प्याले. या प्रवासात माझ्या व्रताचे जे तीनतेरा वाजले त्याचा सगळा दोष सातारा आणि सांगली जिल्ह्याचा आहे.

जेवण झाल्यावर अक्का मला आधी नदीकडं घेऊन गेल्या. ख्रिस्ती मंडळीचं कबरस्तान तिथं आहे, म्हणजे होतं. पुरानं काठ खाल्ला आणि काठाबरोबर कबरींची पुढची रांगच्या रांग गेली. सासू-सासरे त्या रांगेत होते. आता तिथं तुटलेली दरड आणि खाली संथ कृष्णा.  अक्का म्हणाल्या, "आई-आबा नदीला गेलं. आता माजा नंबर. जागा कुटाय?"

तिथून आम्ही मधल्या गल्लीत आलो. गल्लीच्या मध्यावर एक मोठं दगडी जोत्याचं घर, लोखंडी दरवाजा, आत दोन गाड्या. अक्का थांबल्या.

"हितं थांबलं गाढव."

मी इकडंतिकडं पाहिलं. त्यात हसण्यासारखं काही दिसेना. "पण यात गंमत काय आहे, वन्सं? ते इतके हसायचे."

अक्का माझ्याकडं वळल्या. "तुला आदीचं सांगिटलंच न्हाई व्हय त्येनं?"

नव्हतं सांगितलं. ते अक्कांनी सांगितलं, तिथंच रस्त्यात उभ्या राहून, आवाज जराही खाली न करता.

वसंतराव पलूसच्या हायस्कूलला जायचे. पाळकसाहेबांनी त्यांना आपली जुनी सायकल दिली होती. त्या काळी गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतलं माणूस या दारावरून जाताना सायकलवरून उतरायचं, पायताण हातात घ्यायचं आणि पुढं जाऊन पुन्हा बसायचं. "ह्यो उतरला न्हाई. एकदा न्हाई, दोनदा न्हाई. आबांनी हात जोडलं, बाबा उतर. ह्यो म्हणायचा, शाळंला उशीर हुतो. मग एक दिस धरला. 'बसायची लय हौस हाय न्हवं तुला? बस मग!' गाढवावर उलटा बसवला, गळ्यात पायतानाची माळ. सगळ्या गावातनं फिरवला आन हितं, ह्या दारात आणून उतरवला. उंबऱ्याला डोकं टेकाय लावलं."

मला बसावंसं वाटलं. बसायला समोर त्याच घराचा कट्टा होता. मी उभीच राहिले.

"मग?" मी विचारलं. हा प्रश्न मी उभ्या आयुष्यात किती वेळा विचारला असेन. पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं उत्तर दिलं.

"मग काय, त्यो घराभाईर पडंना. जेवंना. आन त्याच पंधरवड्यात झावळ्यांचा रविवार आला. पाळकसायेब दारात आलं, संगट रसूलचा बा आन त्येच गाढव. आमची आई वराडली, पुन्ना गाढवावर? पाळकसायेब म्हणालं, 'बाई, त्यांनी बसवला ती धिंड. आता प्रभूच्या नावानं बसवू. गाढव त्येच, पोरगा त्योच, रस्ता बी त्योच.' सरळ बसवला. हातात वाढं दिलं. आन निघालो आमी, जीव मुठीत धरून. हितं आलो तर गाढव थांबलं! आरं, थांबणारच की ते. ह्या घराच्या मागल्या अंगाच्या बांधकामाला रोज विटा आणायचं. त्येला वाटलं, आली जागा."

"आणि हे?"

"त्यो उतरला न्हाई. सगळी बगत्यात, आता उतरतोय, मग उतरतोय. पाळकसायबांनी गीत धरलं. मंडळी गायला लागली. वरनं खिडकीतनं मोटी माणसं बगत हुती. ह्यो आपला वाढं धरून ताठ बसल्याला. गाढवाला वाटलं तवा ते हाललं. तवापास्नं रीत पडली. वरसात गावानं ज्येचा लय आपमान केला आसंल, त्येला झावळ्यांच्या रविवारी गाढवावर बसवायचं. जात बगायची न्हाई, धरम बगायचा न्हाई. ह्या दारात गाढव थांबवायचं, एक गीत म्हणायचं, आन ह्या घरच्यांसाठी प्रार्थना करायची."

"या घरच्यांसाठी?"

"मग? ती बी माणसंच हायती. थोरली बाई तर दरसाल गाढवाला पाण्याची बादली भरून ठिवती. कुणी बगत नसताना."

घरी येताना मला अक्कांचा नाही, वसंतरावांचा राग आला. एवढी गोष्ट माझ्यापासून लपवली! अर्धी हसून सांगितली आणि अर्धी एकट्यानं बाळगली. मग मला नगरची त्यांची सायकल आठवली. बरोबरीच्या लोकांनी स्कूटर घेतल्या, हे सायकलवरच. कलेक्टर कचेरीच्या फाटकावर 'सायकलवरून उतरावे' अशी मोठी पाटी. हे सरळ आत. वॉचमन ओरडायचा, मी मागच्या कॅरिअरवरून त्यांचा शर्ट ओढायची, "अहो, उतरा हो, शोभतं का?" ते म्हणायचे, "तोल जातो गं उतरताना." मला वाटायचं, हा माणूस हट्टी आहे. एका फाटकाशी मात्र ते उतरायचे, तेही चांगलं वीस पावलं आधी. ते आमच्या चर्चचं फाटक. मला ते तेव्हाच विचारायला हवं होतं, आणि आता फार वाटतं की विचारता यावं.

शनिवार

संध्याकाळी चर्चमध्ये मंडळीची सभा होती. पाळकसाहेब तरुण, सोलापूरकडचे, आवाज अजून कोवळा. त्यांनी निरोप वाचून दाखवला नाही, तोंडीच सांगितला. मधल्या गल्लीतल्या त्या घरचे हल्लीचे साहेब मंडळीला कबरस्तानासाठी जमीन द्यायला तयार आहेत. रस्त्याच्या वरच्या अंगाला, जिथं पुराचं पाणी पोचत नाही. अट अशी काही नाही, फक्त इच्छा आहे. मिरवणूक मधल्या गल्लीऐवजी नव्या रस्त्यानं यावी. गाढव गावाच्या शोभेला बरं दिसत नाही, म्हणून घोडा आणि बँड साहेबांकडून. आणि चर्चच्या दारात साहेब मिरवणुकीचं स्वागत करतील, हार घालून.

 मग एक जण म्हणाला, "एक साल गाढव न्हाई आलं तर काय बिघडलं? आपल्या माणसांस्नी माती मिळंल." दुसरा म्हणाला, "घोड्यावरचा येशू बी येशूच की." मला हसू आलं नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते. पाळकसाहेबांनी खाली मान घालून सांगितलं, "मागच्या पुरानंतर हाडं मी या हातांनी गोळा केली आहेत. ते मला पुन्हा करायचं नाही. म्हणून हा निरोप मी परस्पर नाकारला नाही."

सगळ्यांनी अक्कांकडं पाहिलं. मंडळीत वयानं त्याच मोठ्या, आणि जमिनीची निकड सगळ्यांत त्यांनाच. अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मेल्यावर मला कुटं बी ठिवा. नदीत सोडा. पर जित्यापणी त्या दारात उतरायचं न्हाई. रस्ता बदलला म्हंजी उतरल्यागतच झालं."

"पण अक्का, बसणार कोण?" पाळकसाहेब म्हणाले. "ज्यांना बसवायचं त्याच नाही म्हणतायत."

ती संगीता. शेवटच्या बाकावर दाराजवळ बसली होती, तिशीची, शिडशिडीत. बौद्ध घरातली. शाळेत पोरांचं जेवण शिजवायला तिला नेमलं, त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या घरांनी पोरांना घरून डबे द्यायला सुरुवात केली. तिच्या हातची खिचडी पोरं बघायची आणि डबा उघडायची. तिनं नोकरी सोडली नाही. उरलेल्या पोरांसाठी ती रोज शिजवत राहिली, इतकंच.

"मला न्हाई बसायचं," ती म्हणाली. "आदीच लय झालंय, बाई. रोज बगत्यात तेवढं बास हाय की. पुन्ना वर बसून दाखवायचं?"

तिचं काय चुकलं? तिला कुणी आग्रह केला नाही. सकाळी ठरवू, म्हणून सभा उठली.

झावळ्यांचा रविवार

सकाळी चर्चसमोर दोन्ही जनावरं हजर. एकीकडं पांढरा घोडा, लग्नातला, कपाळावर आरसे आणि पाठीवर जरीची झूल. दुसरीकडं रसूलभाईंचं गाढव, अंघोळ घातलेलं, कानाशी झेंडूचं एक फूल. रसूलभाईंना कुणीही बोलावलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "नगो म्हणून तरी कुणी सांगिटलं?" बँडवाले पिंपळाखाली चहा पीत होते.

अक्कांनी मला उसाचं वाढं दिलं. "पात धरू नगंस, देठाला धर, कापतंय." मी शिक्षिका, मला कोण शिकवणार? पात धरली आणि तळहाताला लांब चीर पडली. रुमाल बांधून उपासनेला बसले.

पाळकसाहेबांनी उपदेश लहानच केला. रात्री झोपले नसावेत. ते म्हणाले, "आपल्या प्रभूकडं स्वतःचं गाढव नव्हतं, ते मागून आणलं. मेल्यावर कबर स्वतःची नव्हती, तीही दुसऱ्याची. गाढवही उसनं आणि कबरही उसनीच. मधल्या दिवसांत त्यानं जे केलं, तेवढंच त्याचं स्वतःचं होतं. गरिबाच्या बाजूनं उभा राहिला आणि ज्यांनी मारलं त्यांच्यासाठी प्रार्थना केली. तेवढ्यावरून आपण त्याला राजा म्हणतो." मग म्हणाले, "माझं मत गाढवाचं आहे. पण बसायचं ज्यांना आहे, त्यांनी ठरवायचं."

बाहेर आलो. संगीता कडेला उभी होती, बसणार नाही असं सांगून गेली होती, तरी आली होती. अक्कांनी माझा दंड धरला आणि तिच्यापुढं नेलं. "ही वसंताची बायकू."

संगीता माझ्याकडं बघत राहिली. ती लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आली होती. तिनं हळूच विचारलं, "खरंच न्हवतं का वो उतरलं ते? का आपलं लोकं सांगत्यात?"

त्या दाराचं मला काय ठाऊक? मला परवापर्यंत दारच ठाऊक नव्हतं. मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. कलेक्टर कचेरीची पाटी सांगितली, वॉचमन सांगितला, मी ओढलेला शर्ट सांगितला. "आयुष्यभर कुठल्या साहेबाच्या दारात ते उतरले नाहीत, बाई. मी त्यांना हट्टी म्हणायची. आणि भांडणही कधी कुणाशी केलं नाही. हसत हसत आत जायचे."

"हसत?"

"हसत."

ती रसूलभाईंच्या जवळ गेली, गाढवाच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, "मामा, जरा धरा." घोडेवाल्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यानं झूल सारखी केली आणि तोही बघायला उभा राहिला.

सगळेच निघाले नाहीत. सभेत बोललेले ते दोघे आणि त्यांच्या घरची माणसं मागं राहिली. त्यांच्या आयांच्या कबरी दरडीच्या काठावर आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. बाकीचे आम्ही वाढं हलवत, 'होसान्ना' असा जयजयकार करत मधल्या गल्लीत शिरलो. नगरच्या मिरवणुकीत शेकडो माणसं असतात. इथं एका अंगणात मावतील एवढी होती. पण मी गीताची कडवी उलटसुलट म्हणत होते. दोन्ही बाजूंना माणसं दारांत आली. कुणी हसलं, कुणी मोबाईल वर केला. संगीता समोर बघत होती. गाढवाच्या पाठीवर तिची बोटं पांढरी पडलेली.

ते दार आलं. आणि गाढव थांबलं नाही!

हे नवं गाढव. याला ना विटांची सवय, ना जुना इतिहास ठाऊक. पुढं कोपऱ्यावर उसाची ट्रॉली उभी होती आणि त्याला तिचा वास लागला होता. ते तरातरा दारावरून पुढं निघून गेलं. रसूलभाई दोरी ओढत मागं. आणि खरं सांगते, आम्हा सगळ्यांच्या तोंडून सुटकेचा श्वास बाहेर पडला. माझ्यासुद्धा. चला, गेलं. कुणी मुद्दाम केलं नाही, जनावरानं केलं. रीत आम्ही मोडली नाही आणि जमीनही वाचली कदाचित. पाळकसाहेबांनी गीत मध्येच थांबवलं नाही, तसेच चालत राहिले.

गाढवावरून आवाज आला, "मामा, माघारी फिरवा."

रसूलभाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आगं, म्होरं आलोय आपण."

"व्हय. फिरवा."

गाढव फिरायला राजी नव्हतं. दोघांनी पुढून ओढलं, अक्कांनी मागून वाढ्याचा फटका दिला, मी काय करावं ते न कळून त्याच्या कानाशी "चल रे बाबा, चल" म्हणत राहिले. अशी आमची राजाची मिरवणूक उलटी फिरली आणि त्या दारात येऊन उभी राहिली. लोखंडी दरवाजाच्या आत, अगदी फटीला लागून, पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. दरवाजा गाढवाचं तोंड आत जाईल एवढाच उघडा. साहेब चर्चकडं हार घेऊन गेलेले. घरात कुणाची चाहूल नाही.

गाढवानं तोंड घातलं आणि प्यायला लागलं. आम्ही गीत म्हटलं. अक्कांनी त्या घरातल्या लेकराबाळांसाठी, आजाऱ्यांसाठी, आणि डबे घेऊन शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी प्रार्थना केली. संगीतानं हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. ती वाढं धरून ताठ बसली होती आणि दाराकडं बघत होती. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. आधी मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. प्रार्थना संपली, आमेन झालं, आणि गाढव अजून पीतच होतं. सगळी मंडळी आपली उभी. कुणीतरी फिदकन हसलं, मग अक्का हसल्या, मग पाळकसाहेब. त्या दारात उभे राहून आम्ही सगळे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

ते हसू मी ओळखलं. माझ्या घरात ते दरवर्षी चहाच्या कपाबरोबर असायचं. मी वळून बाजूला पाहिलं, त्यांना सांगायला, की अहो, कळलं मला. बाजूला रसूलभाई उभे होते.

परत

दुपारी हरभऱ्याच्या घुगऱ्या आणि गुळाचा चहा झाला. साहेब चर्चच्या दारातून आधीच निघून गेले होते, हार बाकावर तसाच पडला होता. घुगऱ्या खाता खाताच पाळकसाहेबांचा फोन वाजला. ते बाहेर जाऊन बोलले, आत आले आणि म्हणाले, "जमिनीचं राहिलं." मागं राहिलेल्या दोघांपैकी एक जण ताट तसंच ठेवून उठून गेला. त्याच्यामागं जायला पाळकसाहेब उठले. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही, तसं ते झालं नाही.

अक्कांनी मात्र घुगऱ्या पुन्हा वाढून घेतल्या. "जमीनच न्हाई तर मराय कशाला घाई करायची?" म्हणाल्या. मग माझ्या हाताची चीर बघून हळद लावली. "पुढल्या साली येशील न्हवं?"

येईन म्हटलं. खरंच जाईन.

दुसऱ्या दिवशी नगरला पोचले तेव्हा दुपार कलली होती. शेजारच्यांनी कुंड्यांना पाणी घातलं होतं. कुलूप काढलं. आत बोळात त्यांची सायकल उभी आहे, टायर बसलेली, कॅरिअरवर धूळ. मी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली आणि चहाचं आधण ठेवलं. सवयीनं दोन कप पाणी मोजलं. चहा घेऊन त्यांच्या खुर्चीसमोर बसले. तळहात अजून ठणकत होता.

"अहो, ऐकलंत का?" मी मोठ्यानं म्हणाले. "या वर्षी गाढव थांबलंच नाही!"

आणि वाट बघत बसले. 'मग?' असं विचारायला घरात कुणी नव्हतं.